गावाकडचा खासदार : निवडून कसा येतो, करतो काय आणि टिकतो कसा (कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न)

मी शिरोळ तालुक्यातला. गावात लोकांचे अर्ज, निवेदनं लिहून द्यायचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळं खासदाराबद्दलचे प्रश्न रोज कानावर येतात, पारावर, डेअरीत दूध घालताना, एसटीत. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली. कुठल्या पक्षाचा प्रचार करायचा नाही, पण काही गोष्टींवर माझं मत आहे आणि ते मी सांगणार.

आपल्या जिल्ह्यात खासदार किती?

लोकसभेचे दोन. कोल्हापूर आणि हातकणंगले. कोल्हापूरमध्ये चंदगड, राधानगरी, कागल, करवीर आणि शहराचे दोन म्हणजे कोल्हापूर उत्तर, दक्षिण असे सहा विधानसभा मतदारसंघ. हातकणंगलेत शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगली जिल्ह्यातले इस्लामपूर, शिराळा. हातकणंगले हा मतदारसंघ २००९ पासनं, त्याआधी इचलकरंजी नावाचा होता. राज्यसभेचे खासदार वेगळे, त्यांना आमदार निवडून देतात, आपण नाही.

दोन्हीकडं मतदार अठरा-एकोणीस लाखांच्या घरात. एकीकडं चंदगडचा काजूवाला, दुसरीकडं इचलकरंजीचा यंत्रमागवाला, शाहूवाडीत डोंगर आणि शिरोळात मळीची जमीन, पूर आणि ऊस. ह्या सगळ्यांचा माणूस एकच. हे आधी डोक्यात घ्या, पुढची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

खासदार व्हायला पात्रता काय लागते? शिक्षणाची अट आहे का?

शिक्षणाची अट नाही. भारताचा नागरिक, वय २५ पूर्ण, देशात कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव. डिपॉझिट २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला साडेबारा हजार. एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर डिपॉझिट जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक चालतो, अपक्षाला दहा लागतात.

मग प्रत्यक्षात कुठनं सुरुवात होते? थेट लोकसभेला कुणी उभं राहतं का?

राहतात, पण आपल्याकडं शिडी ठरलेली आहे. गावची सेवा सोसायटी, ग्रामपंचायत, मग पंचायत समिती किंवा झेडपी, मग साखर कारखाना नाहीतर केडीसीसी म्हणजे जिल्हा बँक नाहीतर गोकुळ दूध संघ, मग आमदारकी आणि शेवटी दिल्ली. लोकांना वाटतं कारखान्याची निवडणूक म्हणजे छोटी गोष्ट, पण माणूस राजकारण तिथं शिकतो. सभासदाच्या घरी जायचं, त्याच्या उसाची तोड कधी आली ते विचारायचं, कुठल्या वाडीत कुणाचं कुणाशी पटत नाही ते लक्षात ठेवायचं, पॅनेल बांधायचं, जोडण्या लावायच्या. हे ज्याला जमलं त्याला लोकसभेला गावोगावी माणूस शोधायला लागत नाही, आधीच असतो.

रत्नाप्पाण्णा कुंभार बघा. आमच्याच तालुक्यातल्या निमशिरगावचे, संस्थानाच्या काळात प्रजा परिषदेच्या चळवळीत, मग संविधान सभेत, संविधानावर सही करणाऱ्यांपैकी एक, १९५२ ला पहिल्या लोकसभेत, आणि दिल्ली बघून आलेला माणूस परत येऊन इचलकरंजीजवळ पंचगंगा साखर कारखाना उभा करतो. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर ह्यासाठी वाटतो की त्यांच्या लेखी दिल्ली वरची आणि गाव खालचं असं काही नव्हतं, दोन्ही एकाच कामाचे भाग होते.

सदाशिवराव मंडलिक कागलचे, आमदार, राज्यात मंत्री, हमीदवाड्याचा कारखाना, आणि १९९८ पासनं चार वेळा खासदार. उदयसिंगराव गायकवाड शाहूवाडीकडचे, १९८० ते १९९६ पाच निवडणुका सलग जिंकले.

राजू शेट्टींची वाट जरा वेगळी. कारखाना नाही, बँक नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेतनं आलेले, २००२ ला झेडपी, २००४ ला शिरोळचे आमदार अपक्ष म्हणून, त्याच सुमारास स्वाभिमानी शेतकरी संघटना काढली आणि २००९ ला हातकणंगलेचे खासदार, २०१४ ला पुन्हा. त्यांच्या निवडणुकीत लोकांनीच वर्गणी काढली, एक व्होट एक नोट म्हणून. म्हातारी माणसं दहाची नोट हातात द्यायची, ते मी बघितलंय. म्हणजे शिडी एकच आहे असं नाही, पण दुसरी वाट रस्त्यावरनं, ऊस आंदोलनातनं आणि केसेस अंगावर घेत जाते.

घराणं नसेल तर तिकीट मिळतच नाही, हे खरं का?

बरंचसं खरं. रुकडीचे बाळासाहेब माने इचलकरंजीतनं १९७७ पासनं पाच वेळा, सून निवेदिता माने १९९९ आणि २००४ ला, नातू धैर्यशील माने हातकणंगलेतनं २०१९ आणि २०२४ ला. मंडलिकांनंतर मुलगा संजय मंडलिक २०१९ ला. २०२४ ला कोल्हापूरनं छत्रपती घराण्यातल्या शाहू महाराजांना दीड लाखाच्या वर मतांनी निवडून दिलं.

पण नावावर आयुष्यभर निवडून येता येत नाही, हे पण ह्याच यादीत दिसतं. निवेदिता माने २००९ ला पडल्या, संजय मंडलिक २०१४ ला पडले, १९ ला आले, २४ ला परत पडले. नावामुळं दार उघडतं, आत टिकायचं काम वेगळं. आणि घराणं नसलेल्या पोराला अजून दारातच उभं राहायला लागतं ही गोष्ट मला बरोबर वाटत नाही, झेडपीच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबल्या की त्याची ती पहिली पायरी पण जाते.

पक्ष महत्त्वाचा की गट?

गट. कोल्हापुरात तरी गट. १९५७ ला शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, ७७ ला पण शेकाप, मधे काँग्रेस, मग राष्ट्रवादी, मग शिवसेना, परत काँग्रेस, जिल्ह्यानं सगळे रंग बघितलेत. २००९ ला मंडलिकांना राष्ट्रवादीनं तिकीट दिलं नाही, ते पंच्याहत्तरीला आलेले असताना अपक्ष उभे राहिले आणि पक्षाच्या उमेदवाराला, संभाजीराजेंना हरवून दिल्लीला गेले. २०१९ ला तर आघाडीचा उमेदवार राष्ट्रवादीचा, आणि काँग्रेसच्या सतेज पाटलांच्या गटानं "आमचं ठरलंय" म्हणून शिवसेनेच्या मंडलिकांना मदत केली, जिल्ह्याच्या भिंतींवर तेच वाक्य होतं.

निवडून आल्यावर मात्र पक्ष सोडणं सोपं नाही, १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे, व्हिप म्हणजे पक्षाचा आदेश मोडला तर खासदारकी जाऊ शकते. २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा आपले दोन्ही खासदार शिंदेंच्या बाजूला गेले, त्याचा हिशोब मतदारांनी २०२४ ला केला, कोल्हापुरात मंडलिकांना पाडलं आणि हातकणंगलेत मानेंना परत निवडून दिलं. हातकणंगलेत फरक फक्त साडेतेरा हजारांच्या आसपास होता.

निवडणुकीला खर्च किती करता येतो?

उमेदवाराला ९५ लाखांची मर्यादा आहे, २०२२ पासनं. त्याआधी ७० लाख होती. हिशोब निवडणूक आयोगाला द्यायला लागतो.

पगार किती?

१ एप्रिल २०२३ पासनं महिना १ लाख २४ हजार, आदेश २०२५ च्या मार्चमध्ये निघाला. अधिवेशनात किंवा समितीच्या बैठकीला हजर असेल त्या दिवसाचा भत्ता २,५००. मतदारसंघ भत्ता आणि ऑफिसचा खर्च वेगळा, दिल्लीत घर, रेल्वे-विमान प्रवास. माजी खासदाराला पेन्शन ३१ हजार, पाच वर्षांपेक्षा जास्त राहिला असेल तर पुढच्या प्रत्येक वर्षाला अडीच हजार जादा. कोरोनात २०२० ला एक वर्ष पगारात ३० टक्के कपात झाली होती हे पण सांगायला पाहिजे.

खासदार निधी पाच कोटी म्हणजे लय झालं, मग आमच्या गावाला का येत नाही?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा नीट सांगतो. निधी १९९३ च्या डिसेंबरला सुरू झाला, पहिल्यांदा पाच लाख, मग एक कोटी, १९९८ पासनं दोन कोटी आणि २०११ पासनं वर्षाला पाच कोटी. आता वाटून बघा, सहा विधानसभा, म्हणजे एका विधानसभेला सरासरी ८३ लाख, आणि एका विधानसभेत शंभर-सव्वाशे गावं धरली तर गावाला लाखभर पण येत नाही. आपल्या राज्यात आमदाराला पण वर्षाला पाच कोटी आहेत आणि त्याला एकच विधानसभा. मग समाजमंदिर, पेव्हर ब्लॉक, स्मशानशेड असल्या कामाला खासदाराकडं हेलपाटे घालण्यात अर्थ किती, तुम्हीच ठरवा.

दुसरं, खासदार पैसे देत नाही, तो फक्त काम सुचवतो. मंजुरी आणि पैसे सोडायचं काम जिल्हा प्रशासनाचं. किमान १५ टक्के रक्कम अनुसूचित जातीच्या वस्तीत आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातीच्या वस्तीत लावायची असते. आणि कोरोनात हा निधी पूर्ण बंद होता, २०२१ च्या नोव्हेंबरला परत सुरू झाला, त्या काळात ज्यांना "पुढच्या वर्षी देतो" म्हणून सांगितलं होतं त्यांचा खासदारावर राग राहिला तो राहिलाच.

मग खासदाराचं खरं काम काय?

कायदे करणं, बजेटवर बोलणं, सरकारला प्रश्न विचारणं. हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या शेताशी त्याचा संबंध काय हे कुणी सांगत नाही. माझा जीव खरा इथं अडकलाय, म्हणून लांबण लागली तर लागूदे.

उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, ठरवतं कोण? केंद्र. २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ३५५ रुपये, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. चौदा दिवसात पैसे नाही दिले तर १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला, तो पण केंद्राचा. साखरेचा किमान विक्री दर २०१९ च्या फेब्रुवारीत ३१ रुपये किलो केला, तो दिल्लीत ठरला. निर्यातीला परवानगी द्यायची का नाही, दिल्ली. इथेनॉल, परत दिल्ली, २०२३ च्या ७ डिसेंबरला एका आदेशानं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला बंदी आली, आठवड्यात थोडी सूट दिली आणि पुढच्या हंगामाला बंदी उठली, तोपर्यंत कारखान्यांची गणितं कोलमडली होती आणि त्याचा भार शेवटी उसाच्या बिलावर येतो. जिल्ह्याचं निम्मं अर्थकारण ज्या आदेशांवर चालतं ते सगळे आदेश ज्या गावात निघतात तिथं आपला माणूस म्हणजे खासदार. यंत्रमागवाल्याचा जीएसटी, कापड आयात, तेही तसंच.

आणि पूर. २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, २०२१ ला परत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आता आमच्या शाळेतल्या पोरांना पाठ आहे. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ करायची कर्नाटकची मागणी आहे, २०१० ला कृष्णा पाणीवाटप लवादानं त्याला मान्यता दिलेली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात आहे. २०१९ च्या पुरावर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलं नव्हतं, नदीकाठच्या लोकांना ते पटलेलं नाही, आणि आता राज्य सरकारचाही उंची वाढवायला विरोध आहे. दोन राज्यांचं भांडण आहे म्हणजे मधे केंद्र आलंच. इथं खासदार बोलणार नाही तर कोण बोलणार?

पूर ओसरल्यावर गावात बैठक झाली, खासदारांना निवेदन द्यायचं ठरलं. लिहायला मीच बसलो. लोक सांगत गेले, मी लिहीत गेलो. पहिलं गटारीचं, मग समाजमंदिराचे पत्रे, मग पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, व्यायामशाळेचं साहित्य, कमान. अलमट्टी सातव्या नंबरला आली, ती पण एका म्हाताऱ्या आजोबांनी मागनं हात वर करून सांगितली म्हणून. भिंतीवर अजून पाण्याची खूण ओली होती. तो कागद मी ठेवलाय, आणि तेव्हापासनं कुणाचंही निवेदन लिहायला बसलो की आधी विचारतो, हे काम दिल्लीचं आहे का?

संसदेत प्रश्न विचारून काय होतं? नुसतं बोलून काय उपयोग?

प्रश्नाला मंत्र्याला लेखी उत्तर द्यायला लागतं आणि ते कायमचं रेकॉर्डवर राहतं. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न, त्यांना तोंडी उत्तर आणि उपप्रश्न, आणि २३० अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. शिवाय शून्य प्रहर आहे, नियम ३७७ खाली मतदारसंघाचा विषय मांडता येतो. मराठीतनं बोलता येतं, दुभाषे असतात, शपथ पण मराठीत घेता येते, त्यामुळं इंग्रजी येत नाही म्हणून गावाकडचा माणूस तिथं गप्प बसतो ही सबब मी मानत नाही.

खासगी विधेयक पण मांडता येतं. २०१८ ला राजू शेट्टींनी दोन मांडली, एक शेतकऱ्याच्या कर्जमुक्तीचं आणि दुसरं हमीभावाच्या हक्काचं. पास झाली नाहीत. खासगी विधेयक पास होऊन कायदा झाल्याला १९७० नंतर मुहूर्तच लागलेला नाही. तरी मांडायला पाहिजेत, कारण देशभरातल्या शेतकरी संघटना त्या मसुद्यावर एकत्र आल्या होत्या आणि हमीभावाचा कायदा हा विषय पुढं दिल्लीच्या वेशीवर पोचला.

खासदार दिल्लीत किती दिवस असतो? गावात का दिसत नाही?

२०१९ ते २४ ची लोकसभा पाच वर्षांत २७४ दिवस बसली. म्हणजे वर्षाला सरासरी पंचावन्न. समित्यांचे दिवस वेगळे. बाकी वेळ मतदारसंघात.

तरी दिसत नाही, कारण गावं शेकड्यानं. आणि आपण त्याला मोजतो कशावर? लग्नाला आला का, मयतीला आला का, रक्षाविसर्जनाला थांबला का, यात्रेत मानाचा नारळ घेतला का. लग्नसराईत एका दिवसात तीस-चाळीस ठिकाणी अक्षता टाकायला जातात. दुःखात भेटायला आलेला माणूस आपल्याला लक्षात राहतो हे मी पण नाकारत नाही, माझ्या वडिलांच्या वेळेला एक मोठा नेता पाच मिनिटं येऊन बसला होता, आई अजून सांगते. पण त्याच आठवड्यात लोकसभेत साखरेवर चर्चा असेल तर त्यानं तिथंच असायला पाहिजे, आणि परत आल्यावर आपण "मयतीला आला नाहीस" म्हणून मत फिरवायचं नाही. संसदेत चांगलं काम केलेला माणूस "संपर्क तुटला" ह्या दोन शब्दांवर पडतो, हे आपल्याकडं झालेलं आहे आणि परत होईल.

केंद्रीय विद्यालयात ऍडमिशनला खासदाराचं पत्र चालतं का?

आता नाही. पूर्वी खासदाराला दहा ऍडमिशनचा कोटा होता, २०२२ ला बंद केला.

मग पत्र कशाला चालतं?

रेल्वेच्या इमर्जन्सी कोट्याला, मोठ्या ऑपरेशनला पंतप्रधान मदत निधीतनं मदत मिळवायला, पासपोर्ट, पीएफ, पोस्ट, बीएसएनएल, राष्ट्रीयीकृत बँक, राष्ट्रीय महामार्गाची भरपाई, परदेशात अडकलेलं पोरगं, म्हणजे केंद्राच्या ज्या ज्या खात्यात काम अडलंय तिथं. सातबारा, रेशनकार्ड, पोलीस पाटील, अंगणवाडी, शेतातला रस्ता, तिथं पत्र मिळेल पण उपयोग कमी, ते तहसीलदार, झेडपी, आमदार ह्यांच्याकडं.

एक समिती मात्र लक्षात ठेवा, दिशा समिती. जिल्ह्यात केंद्राच्या ज्या योजना चालतात, घरकुल, जलजीवन, रोजगार हमी, ग्रामसडक, त्या सगळ्यांचा आढावा घ्यायची ही समिती, २०१६ पासनं आहे आणि अध्यक्ष खासदार असतो. दर तीन महिन्याला बैठक व्हायला पाहिजे. सगळे अधिकारी समोर बसलेले असतात. तुमच्या गावची जलजीवनची टाकी अर्धवट असेल तर बैठकीच्या आधी फोटोसकट कागद खासदाराच्या हातात द्या.

कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे, खंडपीठ, विमानतळ, ह्याचं श्रेय कुणाचं?

वैभववाडी मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे बजेटमध्ये आला, साधारण १०७ किलोमीटर, गाडी अजून धावलेली नाही. श्रेय आत्ताच वाटू नका, दर अधिवेशनाला विचारत राहा. हायकोर्टाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात सुरू झालं, त्यामागं सहा जिल्ह्यांतल्या वकिलांचं आणि पक्षकारांचं कित्येक वर्षांचं आंदोलन आहे, सगळ्या पक्षाच्या खासदारांनी पाठपुरावा केला असेल पण ते आंदोलन एका कुणाच्या फ्लेक्सवर मावत नाही. उजळाईवाडीच्या विमानतळाची नवी टर्मिनल इमारत २०२४ च्या मार्चला झाली. अशी मोठी कामं तीन-तीन खासदारांच्या कारकिर्दीत पसरलेली असतात, एक मागणी करतो, दुसऱ्याच्या काळात मंजुरी, तिसरा फीत कापतो.

पडल्यावर खासदार काय करतो?

काही कारखान्यात, संस्थेत परत जातात. काही राज्यसभेवर, धनंजय महाडिक २०१९ ला पडले आणि २०२२ ला भाजपकडनं राज्यसभेत गेले. काही आंदोलनात. राजू शेट्टी २०१९ ला पडले, २४ ला तिसऱ्या नंबरला गेले, तरी जयसिंगपूरची ऊस परिषद होतेच आणि तिथं मागितलेल्या दरावर कारखान्यांना अजून बोलायला लागतं. कारकीर्द खासदारकीबरोबर संपत नाही ती असल्या माणसांची.

निवेदन द्यायचं तर कसं द्यायचं?

एका कागदावर एकच विषय. वर खातं कुठलं ते लिहा, रेल्वे, अन्न व सार्वजनिक वितरण, जलशक्ती, जे असेल ते. आधी कुणाकुणाला अर्ज केला आणि काय उत्तर आलं त्याच्या झेरॉक्स जोडा. नेत्याच्या हातात देऊन फोटो काढून घरी जाऊ नका, संपर्क कार्यालयात पीएकडं दुसरी प्रत देऊन तारीख आणि शिक्क्यासकट पोच घ्या. संसदेत विचारायचा प्रश्न असेल तर अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी द्या, कारण प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी लागते आणि नंबर चिठ्ठीनं लागतो. मग लोकसभेच्या वेबसाइटवर खासदाराच्या नावावर त्यानं विचारलेले सगळे प्रश्न आणि मंत्र्यांची उत्तरं दिसतात, तुमचा आहे का बघा. उत्तर आलं असेल तर प्रिंट काढून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, आमच्याकडं आम्ही लावतो, लोक थांबून वाचतात.